टाळूवरची सोनोग्राफी आणि मेंदूचा एमआरआय

कमी दिवसांचे लेकरू पेटीत ठेवले की बीड-परभणीकडच्या घरांत ‘डोक्याची सोनोग्राफी’ आणि ‘डोक्याचा एमआरआय’ हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात, आणि सोनोग्राफी नॉर्मल आल्यावर पुन्हा एमआरआयचा खर्च कशाला, असे आजी-आजोबाही विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र या दोन तपासण्या वेगवेगळ्या गोष्टी शोधतात.

बाळाची टाळू भरलेली नसल्याने तेथून ध्वनिलहरी आत जातात, आणि यंत्रच पेटीपाशी आणता येते. मेंदूच्या पोकळ्यांमधला रक्तस्राव आणि पोकळ्या फुगणे सोनोग्राफीत चांगले दिसते. पोकळ्यांलगतच्या श्वेतद्रव्यात (मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंच्या भागात) पाणीदार गाठी झाल्या तर त्याही दिसतात, परंतु इजेनंतर साधारण २ ते ४ आठवड्यांनी. म्हणून पहिल्या आठवड्यातला स्वच्छ रिपोर्ट अखेरचा नसतो.

गर्भाच्या २४ ते ३२ आठवड्यांच्या काळात, पुढे या तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टण तयार करणाऱ्या पेशी कोवळ्या असतात. रक्तपुरवठा घटला किंवा जंतुसंसर्ग झाला तर त्या दुखावतात. ही इजा पुष्कळदा गाठ न होता विखुरलेली राहते आणि सोनोग्राफीतून निसटते. एमआरआय तिच्यासाठी, तोही बहुधा बाळाचे दिवस भरण्याच्या सुमारास, दूध पाजून, गुंडाळून, झोपेत केला जातो. सिटी स्कॅनसारखे क्ष-किरण या दोन्हींत नसतात.

गंमत अशी की नवजात बाळाचे श्वेतद्रव्य ‘श्वेत’ दिसतच नाही. मायलिन कमी आणि पाणी जास्त असल्याने एमआरआयच्या टी-१ प्रकारच्या चित्रात ते करड्या द्रव्यापेक्षा (मेंदूच्या पेशी दाटलेल्या भागापेक्षा) काळपट दिसते, म्हणजे मोठ्या माणसाच्या चित्राच्या नेमके उलट. हे चित्र प्रौढांसारखे व्हायला सुमारे एक वर्ष लागते, टी-२ या दुसऱ्या प्रकारच्या चित्राला सुमारे दोन. पाण्याची हालचाल टिपणारा डिफ्युजन एमआरआय आणखी पुढे जातो: पाणी जसे सरीच्या लांबीने धावते आणि वरंब्याला आडवे जात नाही, तसे मेंदूतले पाणीही तंतूंच्या दिशेने सहज सरकते, आणि ही दिशा मायलिन चढण्याआधीच उमटू लागते.

एमआरआय स्वच्छ आला म्हणून पुढच्या तपासण्या मात्र टळत नाहीत. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहाव्या महिन्यात मान धरते का, हे पाहताना ते चार महिन्यांचे धरले जाते, आणि एमआरआयचे चित्र वाचतानाही हाच हिशेब लागतो.