मॅग्नम काडतूस

मॅग्नम काडतूस : नेहमीपेक्षा मोठ्या पुंगळीचे (काडतुसाच्या पितळी नळीचे), जास्त दारू, म्हणजे बंदुकीची स्फोटक दारू, मावणारे रायफलचे काडतूस. मोठ्या जनावरांच्या शिकारीत वापर. लॅटिनमध्ये ‘मॅग्नम’ म्हणजे मोठा. दीड लिटरच्या शॅम्पेनच्या बाटलीलाही हेच नाव आहे. पुंगळीत किती दारू मावली म्हणजे ती मॅग्नम, याचे ठरलेले माप मात्र नाही, नाव कारखानदार ठेवतो. काडतुसाच्या नावातला आकडा ढोबळ मानाने गोळीची इंचातली जाडी सांगतो, पुढचे नाव बनवणाऱ्याचे. म्हणूनच .४१६ रिग्बी (१९११) हे नावात मॅग्नम नसूनही ताकदीने या कुळातले थोरले मानावे लागते.

कुळाचा खरा मूळपुरुष म्हणजे .३७५ हॉलंड अँड हॉलंड (लंडन, १९१२). हे काडतूस हातात घेतले की दोन गोष्टी लगेच दिसतात. बुडाशी, खाचेच्या जरा वर, पितळेचे उंच कडे असते. आणि नऊ सेंटिमीटरहून लांब असे हे काडतूस तोंडाकडे गाजरासारखे निमुळते होत जाते. पुंगळीला ठळक खांदा नसल्यामुळे ती चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या घरात) नेमकी कुठे अडावी हे ते कडे ठरवते. निमुळतेपणाचे कारण उन्हाळा. त्या काळची दारू, म्हणजे कॉर्डाइट, तापली की जास्त दाब देई आणि बार झाल्यावर फुगलेली पुंगळी चेंबरला चिकटून बसे. निमुळती पुंगळी सहज सुटते. समोर अस्वल आणि रायफलीत अडकलेली पुंगळी, हा प्रसंग टाळण्यासाठीची ही कारागिरी आहे.

नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी असताना याचे मोल मोठे होते. वाघाच्या शिकारीचा खरा हंगाम एप्रिल ते जून. पानगळ झालेली, पाणी मोजक्याच डोहांत उरलेले, जनावर तिथे येणारच. पण हेच नागपूरच्या पंचेचाळीस अंशांचेही दिवस. लंडनच्या थंडीत ठरवलेला दारूचा भार इथे बैलगाडीत तापलेल्या काडतुसात वेगळाच वागे. जुन्या दुनळी ‘नायट्रो एक्सप्रेस’ रायफलींची काडतुसे मुद्दाम कमी दाबाची ठेवत, त्यामागेही हेच कारण होते.

या दुनळींची एक कथा थेट हिंदुस्थानाशी जोडलेली आहे. मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीची गोळी .४५ जाडीची. शिकारीच्या नावाखाली तीच गोळी बंडखोरांच्या हाती जाईल, या भीतीने १९०७ च्या सुमारास सरकारने इथे .४५० बोअरवर (नळीच्या छिद्राच्या मापावर) बंदी घातली. लंडनच्या बंदूककारांनी माप थोडे वाढवून .४६५, .४७०, .४७५ अशी भावंडे बाजारात आणली. त्यांतले .४७० आजही टिकून आहे. कायद्यातून काडतूस जन्मल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

पुढे अमेरिकेने .३७५ चेच कडे ठेवून पुंगळी आखूड केली. .४५८ विंचेस्टर (१९५६), .३३८ विंचेस्टर (१९५८), ७ मिलिमीटर रेमिंग्टन (१९६२) आणि .३०० विंचेस्टर (१९६३) ही त्या घराण्याची नातवंडे. नळीतून सुटतानाची ऊर्जा ढोबळ मानाने अशी : मॅग्नम नसलेले .३०-०६ सुमारे ४,००० जूल, ७ मिलिमीटर ४,२००, .३०० विंचेस्टर ४,७००, .३३८ ५,३००, .३७५ ५,८००, .४५८ ६,३०० आणि .४१६ रिग्बी ६,९००.

एवढ्या आकड्यांवर तुलना संपवणारे फसतात. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे हलकी वेगवान गोळी कागदावर भारी दिसते. .३०० ची ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटरने सुटते, .४५८ ची ३२.४ ग्रॅमची सव्वासहाशेने. दोन्हींचा नेम १८० मीटरवर बसवला, तर २७५ मीटरवर .३०० ची गोळी जेमतेम वीतभर खाली लागते, .४५८ ची हातभर. सपाट मार हवा तो उघड्या डोंगरात किंवा माळावर. ताडोबा-पेंचच्या साग-बांबूत मचाणावरून किंवा हाक्यात बार व्हायचा तो तीस-चाळीस पावलांवर. तिथे त्या सपाट माराचा उपयोग शून्य.

जवळच्या अंतरावर महत्त्व गोळीच्या घडणीला. मऊ नाकाची गोळी मांसात छत्रीसारखी उमलते. वाघ, सांबर यांना ती योग्य. पण हजार किलोपर्यंत भरणाऱ्या गव्याच्या खांद्यावर पातळ कवचाची वेगवान गोळी वरच फुटते आणि जनावर जखमी होऊन झाडीत शिरते. त्याला जड, जाड कवचाची किंवा न उमलणारी गोळी लागते. ती मात्र आरपार जाऊन कळपातल्या दुसऱ्यालाही लागू शकते. .३७५ दोन्ही कामे बऱ्यापैकी करते, म्हणूनच अनेक आफ्रिकी देशांत धोकादायक जनावरांसाठी तोच किमान बोअर ठरला.

उरतो धक्का. .३०-०६ च्या मानाने .३७५ खांद्याला जवळपास दुप्पट बसतो, .४५८ त्याहून कितीतरी जास्त. धक्क्याच्या धास्तीने घोडा ओढताना डोळे मिटणाऱ्याच्या हाती मॅग्नम व्यर्थ आहे. जिम कॉर्बेट यांची आवडती रायफल .२७५ ची होती, मॅग्नम नव्हे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही सगळी तुलना आपल्याकडे इतिहासात जमा केली. माणसांवर हल्ले करणाऱ्या वाघाला मारण्याची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. महाराष्ट्रातले त्यांचे कार्यालय नागपुरातच आहे, आणि आधी वाघाला बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न होतो. पिकात शिरणाऱ्या रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी मिळणारा परवानाही अटींनी बांधलेला असतो. परवानाधारकाकडे बहुधा सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ असते, ती मॅग्नम नाही, आणि रानडुकराला तेवढी पुरते. आजोबांकडून वारशाने आलेली एखादी .३७५ विदर्भातल्या जुन्या वाड्यात अजून निघते. तिची काडतुसे मिळणे कठीण, मिळाली तरी महाग. आचारसंहिता लागली की अनेकदा ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि निवडणूक आटोपल्यावर पावती दाखवून पुन्हा कपाटात जाते.