एल निनो येऊनही १९९७ साली पाऊस का पडला?

एल निनो म्हणजे प्रशांत महासागराच्या मध्य आणि पूर्व भागातलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं. १९९७ साली विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक उभा राहिला. दुष्काळाची धास्ती होती, पण देशात मोसमी पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच झाला. २००२ सालचा एल निनो मध्यम ताकदीचा. तरीही त्या वर्षी पावसाने ऐन जुलैत ओढ दिली. देशभरात त्या महिन्यात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस पडला आणि हंगामाअखेर तूट १९ टक्क्यांवर गेली.

एरवी प्रशांत महासागरावरचे पूर्वेकडून येणारे वारे कोमट पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटत असतात. समुद्राचा पृष्ठभाग २८ अंशांच्या वर गेला की त्यावरची दमट हवा जोमाने वर चढते आणि ढग उभे राहतात. एल निनोच्या वर्षी हे वारे मंदावतात, पाणी पूर्वेकडे सरकतं आणि ढगांचा कारखानाही त्याच्यामागे जातो. तिथे वर गेलेली हवा दुसरीकडे कुठेतरी खाली उतरणारच. ती भारतावर उतरली, तर ढग वाढतच नाहीत.

म्हणजे पाणी किती तापलं याइतकंच ते कुठे तापलं हेही पाहावं लागतं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले के. कृष्ण कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली नेमकं हेच दाखवून दिलं. १९९७ साली सर्वाधिक तापलेलं पाणी पेरूच्या बाजूला होतं, २००२ साली मध्य प्रशांतात. मध्य प्रशांत तापला की उतरणारी हवा भारतावर येण्याची शक्यता वाढते. मोसमी पावसावरच्या संशोधनातला हा मला सर्वांत मोलाचा धागा वाटतो.

शिवाय आपला हिंदी महासागर आहेच. त्याची आफ्रिकेकडची बाजू तापते आणि सुमात्राजवळची थंड पडते, तेव्हा त्या स्थितीला धन द्विध्रुव म्हणतात. ती आपल्या मोसमी पावसाला सहसा पोषक ठरते. १९९९ साली शास्त्रज्ञांनी तिचं नीट वर्णन केलं. १९९७ साली हा द्विध्रुवही जोरात होता. २०१९ सालीही तो होता. त्या वर्षी जूनमध्ये ३३ टक्के तूट असूनही हंगाम सरासरीच्या ११० टक्क्यांवर संपला आणि मोसमी पावसाची माघार थेट ९ ऑक्टोबरला सुरू झाली. ऑगस्टमधल्या सांगली-कोल्हापूरच्या महापुराचं खापर मात्र एकट्या द्विध्रुवावर फोडता येणार नाही. एवढ्या छोट्या भागातला पाऊस ठरवणारी कारणं पुष्कळ असतात.

आणि द्विध्रुव धन असला की निश्चिंत राहावं, असंही नाही. २०२३ साली तो धन होता, एल निनोही होता. तरी ऑगस्टमध्ये देशात ३६ टक्के तूट पडली. १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट.

म्हणूनच एप्रिलमध्ये ‘यंदा एल निनो, दुष्काळ अटळ’ असे मथळे झळकतात, तेव्हा फार वाईट वाटतं. शेतकरी त्यावर बियाण्याचा आणि कर्जाचा हिशेब मांडतो. प्रशांत महासागराचा अंदाज सर्वांत कच्चा असतो तो नेमका मार्च ते मेमध्ये. हवामान विभाग मे महिन्याच्या अखेरीला सुधारित अंदाज देतो. पेरणीचा निर्णय घ्यायचा तर तो पाहून घ्यावा.