कूर्चापेशी आणि मूलपेशी: एक विसरते, दुसरी थांबत नाही

गुडघ्यातील खराब झालेल्या कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणावर (कार्टिलेज), ‘पेशींचा उपचार’ केला असे कोणी सांगितले की ऐकणाऱ्याला तो मूलपेशींचाच (स्टेम सेल, म्हणजे निरनिराळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी) वाटतो. वास्तविक या नावाखाली दोन निराळे उपचार येतात. एकात रुग्णाच्याच सांध्यातील तयार कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून परत बसवतात, तर दुसऱ्यात अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतील रक्त यांतून घेतलेल्या मूलपेशींना कूर्चा घडवण्याच्या कामाला लावतात.

कूर्चा आपणहून भरून येत नाही, ही अडचण दोन्हींच्या मुळाशी आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, आणि पेशी तर आकारमानाच्या अवघ्या काही टक्के असतात. उरलेला भाग पाणी, टाइप २ कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू आणि पाणी धरून ठेवणारे ॲग्रिकन हे द्रव्य यांचा असतो. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा येत नाही, असे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवले होते.

कूर्चापेशींच्या रोपणाचा पहिला मोठा अहवाल १९९४ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथून आला. मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २३ रुग्णांवर हा उपचार केला होता. सांध्याच्या कमी भार पडणाऱ्या भागातून कूर्चेचा लहानसा तुकडा काढायचा, त्यातील पेशी काही आठवडे वाढवायच्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत कूर्चा झडून पडलेल्या खड्ड्यात सोडायच्या, असा हा क्रम आहे. मात्र सपाट तबकडीवर वाढवताना या पेशी आपली ओळख विसरू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली सुरुवातीला गोल दिसणारी पेशी पसरते, लांबट होते आणि टाइप २ ऐवजी टाइप १ कोलॅजेन, म्हणजे त्वचेत आणि व्रणात आढळणारे कोलॅजेन, बनवू लागते. तीच पेशी अगॅरोजच्या मऊ जेलमध्ये ठेवली की पुन्हा गोल होते आणि आपल्या मूळ कामावर परतते. जैवसामग्रीचे, म्हणजे पेशींना आधार देणाऱ्या पदार्थाचे, महत्त्व माझ्या मते याहून स्पष्टपणे कुठेच दिसत नाही. पुढे पेशी नुसत्या सोडण्याऐवजी कोलॅजेनच्या पातळ पडद्यावर पेरून तो पडदा खड्ड्याच्या मापाने कापून फायब्रिनच्या गोंदाने चिकटवण्याची पद्धत आली. तिला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

मूलपेशींची अडचण याच्या नेमकी उलट आहे. त्यांना टीजीएफ-बीटासारखे वृद्धिघटक (पेशींना वाढीचे संकेत देणारी प्रथिने) देऊन दाट गोळ्याच्या रूपात वाढवले की त्या कूर्चापेशींसारख्या वागू लागतात, पण तेथे थांबत नाहीत. त्या फुगतात, टाइप १० कोलॅजेन बनवतात आणि भोवतालच्या द्रव्यात कॅल्शियम साचण्याकडे झुकतात. मुलांच्या वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचे हाड होते तो हाच मार्ग. मायक्रोफ्रॅक्चर या शस्त्रक्रियेत हाडाला बारीक छिद्रे पाडून मज्जेतील मूलपेशी खड्ड्यात येऊ देतात, तेव्हा बहुधा सांध्यातील मूळच्या काचाभ (गुळगुळीत, काचेसारख्या) कूर्चेऐवजी तंतुमय कूर्चा तयार होते, जी भार सोसण्यात कमी पडते. त्यातून मज्जेत या पेशी दहा हजारांत फार तर एखादी असते.

त्यामुळे दोघींना लागणारा आधारही वेगळा. कूर्चापेशीला तिचा गोल आकार टिकेल अशी त्रिमितीय जागा पुष्कळदा पुरते; मूलपेशीसाठी मात्र योग्य घनता, हळूहळू झिरपणारे वृद्धिघटक आणि हाडाकडे जाण्याला अटकाव, एवढे सगळे त्या पदार्थाने साधावे लागते. दक्षिण कोरियात २०१२ मध्ये मान्यता मिळालेल्या कार्टिस्टेम या उपचारात नाळेतील रक्ताच्या मूलपेशी हायल्युरोनिक आम्लाच्या जेलमध्ये मिसळून खड्ड्यात बसवतात.

सांध्यात नुसते टोचलेले मूलपेशींचे इंजेक्शन ही आणखी वेगळी गोष्ट आहे आणि सर्वाधिक गोंधळ तेथेच होतो. या मूलपेशींचे ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव १९९१ मध्ये रूढ करणाऱ्या आर्नल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये ते बदलण्याची विनंती केली, कारण शरीरात सोडलेल्या या पेशी स्वतः नवी ऊती न बनता प्रामुख्याने संकेत देणारी द्रव्ये सोडतात. त्या द्रव्यांनी सूज उतरेल, वेदनाही कमी होईल. परंतु वेदना कमी झाली म्हणजे खड्डा भरला असे धरून चालत नाही, ते एमआरआयमध्ये पाहावे लागते.