‘केस कसे कापूचे?’ : कोकणातल्या पुरुषांच्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

कुडाळ, चिपळूण, रत्नागिरी, कुठल्याही सलूनमध्ये जा. खुर्चीत बसलेला पोरगा मोबाइल पुढे करतो आणि विचारतो, “हा कट मला सूट होईल का?” कारागीर आधी फोटो बघतो, मग डोकं बघतो, आणि जाणता असेल तर काही बोलायच्या आधी केसांत बोटं घालून भोवरा शोधतो. हे रोजचं दृश्य आहे, म्हणून जुनंही वाटतं. तसं ते नाही. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावरच्या गावात पुरुषाने न्हाव्याला ‘मला काय शोभेल’ असं विचारण्यात काही अर्थच नव्हता. डोईवर काय ठेवायचं आणि काय उतरवायचं हे जात, वय आणि घरातलं सुतक यांनी आधीच ठरवलेलं असे.

न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. कोकणात खोती होती, म्हणजे गावाचा सारा खोत गोळा करी, त्यामुळे देशावरच्यासारखी बांधीव बलुतेदारी सगळीकडे नव्हती. तरी वर्षाचं काम करायचं आणि भात झोडल्यावर मापाने मोबदला घ्यायचा ही रीत इथेही होती. त्याचं सगळं दुकान धोकटीत मावे: वस्तरा, कातर, कंगवा, चिमटा, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी आणि हातात धरायचा आरसा. संत सेना महाराजांच्या अभंगात याच धंद्यातली हत्यारं रूपक होऊन येतात, इतकी ती घराघरांत ओळखीची होती. गिऱ्हाईक ओटीखाली किंवा माडाच्या सावलीत उकिडवं बसायचं. आरसा हातात यायचा तो काम संपल्यावर, म्हणजे मत द्यायची वेळ टळून गेल्यावर.

काम काय, तर कपाळ आणि कानशिलं वस्तऱ्याने साफ करून मधे शेंडी राखायची. शेंडीभोवती केसांचं वर्तुळ ठेवलं तर तो घेरा. कडेने बारीक पट्टा सोडला तर संजाब. कोणाचा घेरा केवढा यात थोडीफार हौस चाले, पण तेवढीच. कसब होतं ते वस्तऱ्याला धार लावण्यात आणि केस भिजवण्यात. पाणी प्यायलेला केस फुगतो, मऊ पडतो आणि पात्याखाली सहज तुटतो. कोरडा केस पातं ओढतो आणि कातडी सोलवटते. दोन-तीन मिनिटं ओल्या हाताने डोकं चोळण्याचा कंटाळा केला की पुढे काय होतं, ते ‘बिनपाण्याची हजामत’ या शब्दप्रयोगात कायमचं नोंदलेलं आहे.

हे सगळ्यांना मिळत होतं असंही नाही. गावचा वस्तरा अस्पृश्य मानलेल्यांच्या डोक्याला लागत नसे, ते आपसांतच एकमेकांचे केस कापत. महाडचं चवदार तळं 20 मार्च 1927 रोजी खुलं करायला माणसं जमली, त्या काळात पाण्याइतकीच ही बंदीही रोजची होती. शहरातल्या सलूनने ती एका फटक्यात मोडली नाही. पण जात न विचारता, पैसे घेऊन खुर्ची द्यायची सोय आधी तिथेच झाली.

केसांचा खरा बदल मात्र डोक्यावर काय घालायचं त्यावरून झाला. पगडी किंवा पागोटं बसायला खालचं डोकं तुळतुळीत असलेलं बरं. घाम कमी, पकड चांगली. काळी टोपी आली, पुढे गांधी टोपी आली, आणि टोपीखाली बोटभर केस खपून जाऊ लागले. टोपी गेली तेव्हा केस उघडे पडले. त्याआधी घराबाहेर उघड्या डोक्याने फिरणं अशुभ किंवा असभ्य. ‘बोडका’ हा शब्दच त्या नजरेचा. वीस-तीस वर्षांच्या आत बोडकं डोकं हेच सुशिक्षितपणाचं लक्षण ठरलं आणि भांग डावा की उजवा हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला. 1928 साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला तयार झालेलं ब्रिलक्रीम याच उघड्या डोक्यांसाठी होतं. कोकणात ते मुंबईच्या ट्रंकेतून आलं. गावातल्या बहुतेकांचं काम तेव्हाही खोबरेल तेलाने भागत होतं आणि पुष्कळांचं आजही भागतं.

मुंबईची ट्रंक हा इथला कळीचा मुद्दा. गिरणीत, गोदीत, बोटीवर खलाशी म्हणून, फौजेत, अशी रत्नागिरीची माणसं बाहेर गेली आणि शिमग्याला, गणपतीला परत आली ती डोक्यावर नवीन काहीतरी घेऊन. फौजेतला ‘सोल्जर कट’ असाच गावात उतरला. मुंबईत न्हाव्यांचा धंदा संघटित होत होता, तोही याच वर्गाच्या डोळ्यांसमोर. 1890 साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतले न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. विषय बायकांचा होता. पण कोणाच्या डोक्याचं काय करावं याबद्दल कारागिराला स्वतःचं मत असू शकतं, हे त्यात उघड झालं. पुढे गावाकडे पाटी लागली ती ‘केशकर्तनालय’ अशी, खुर्ची आली आणि खुर्चीसमोर भिंतीएवढा आरसा आला. गिऱ्हाईक पहिल्यांदा काम चालू असताना स्वतःकडे बघू लागलं. मधेच ‘थांब’ म्हणता येणं, सल्ल्याची सुरुवात इथून धरायला हरकत नाही.

भिंतीवरचे फोटो बदलत गेले, त्यांचा हिशोब सोपा आहे: कपाळावर झुलपं सोडणारा दिलीपकुमार, फुगा काढणारा देव आनंद, कान झाकणारा आणि लांब कल्ले ठेवणारा अमिताभ, 2003 साली मधोमध भांग पाडलेला सलमान खान, त्यानंतर खांद्यापर्यंत केस वाढवलेला धोनी. आता फोटो मोबाइलमध्ये असतो, एवढंच.

यापेक्षा मोठी उलथापालथ मशीनने केली. हाताने दाबून चालवायचं मशीन पूर्वीपासून होतं, पण ते केस उपटायचं आणि उंची एकच द्यायचं. अमेरिकेत लिओ वॉल यांनी विजेवर चालणाऱ्या हातातल्या मशीनचं पेटंट 1921 साली मिळवलं. आपल्याकडच्या छोट्या गावांत ते रुळलं ते वीज आणि स्वस्त मशीन दोन्ही पोचल्यावर, म्हणजे बऱ्याच उशिरा. त्याच्याबरोबर आले नंबर. पात्यावर बसवायचं प्लास्टिकचं कंगव्यासारखं टोपण किती केस मागे ठेवतं, त्याचा हा आकडा: 1 नंबर म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर, 2 म्हणजे 6, 3 म्हणजे 10, 4 म्हणजे 13, आणि 8 म्हणजे 25. अर्धा नंबर दीड मिलिमीटरचा. ‘जरा बारीक कर’ या वाक्याचा अर्थ प्रत्येक न्हाव्याकडे वेगळा होता. ‘साईडला 3, वर कातर’ याचा अर्थ मालवणात आणि मुलुंडला एकच. फेड, म्हणजे मानेपासून वर जाताना अर्धा, एक, दीड, दोन असे नंबर एकमेकांत विरघळवत नेणं, ही अमेरिकी फौजेतून आणि तिथल्या कृष्णवर्णीय न्हाव्यांच्या दुकानांतून घडलेली कला. नंबरांची भाषा नसती तर ती कोकणात शिकवताच आली नसती.

पण नंबर आले तशी फसगतही आली. डोक्याच्या बाजूला कंगवा सपाट टेकवून वर सरकवा: जिथे डोकं आत वळतं आणि कंगव्याचं वरचं टोक हवेत राहतं, ती कड. मशीन या कडेच्या वर गेलं की बाजू आणि माथा यांतला कोपरा नाहीसा होतो आणि डोकं सोललेल्या नारळासारखं दिसतं. हे लगेच कळतही नाही. चार-पाच दिवसांनी केस उभे राहू लागले की कळतं. तेव्हा उपाय एकच, वाढायची वाट बघणं.

वाढीचा वेग महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर, म्हणजे दहा दिवसांत 4 मिलिमीटर. अर्ध्या नंबरचा फेड दहा दिवसांत साडेपाच मिलिमीटरवर, म्हणजे दोन नंबरच्या आसपास येतो आणि विरघळवलेली रेघ पुसली जाते. ज्याला दर दोन आठवड्यांनी सलूनला येणं जमणार नाही, त्याला फेड सुचवणं हा वाईट सल्ला. बोटीवर जाणाऱ्याला, आंब्याच्या हंगामात बागेत अडकणाऱ्याला साईडला 3 किंवा 4 नंबर आणि मान कातर-कंगव्याने उतरवलेली, हे महिनाभर सभ्य दिसतं. मानेला चौकोनी रेघ मारली तर आठवड्यात तिच्याखाली खुंट दिसू लागतात, शिवाय जाड मान आणखी रुंद दिसते.

कोकणातल्या हवेचा हिशोब पुण्या-मुंबईच्या फोटोत नसतो. केसाचा आकार धरून ठेवणारे काही बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात; ड्रायरने बसवलेला केस बसतो तो त्यामुळेच. जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली असते की घरून बसवून निघालेला केस स्टँडवर पोचेपर्यंत आपल्या मूळ स्वभावावर जातो: कुरळा असेल तर फुलतो, सरळ असेल तर चप्प पडतो. वरून हेल्मेट, रेनकोटची टोपी. म्हणून पावसाळ्यात माथ्यावर 4 ते 5 सेंटिमीटरच्या वर केस ठेवू नयेत आणि ड्रायरवर उभी राहणारी स्टाईल घेऊच नये. पाण्यात विरघळणारं जेल घामाबरोबर कपाळावर उतरतं. त्यापेक्षा हरभऱ्याएवढा मॅट क्ले, म्हणजे केस बसवायचा चमक नसलेला घट्ट लेप, तळहातांवर चोळून, केस पूर्ण वाळल्यावर लावावा. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर साबणाला फेस येत नाही आणि केस चरचरीत राहतो. शेवटचा तांब्या साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा घेतला तरी फरक दिसतो.

कारागिरालाही हीच हवा छळते. खाऱ्या वाऱ्याने मशीनच्या पात्याला गंज चढतो, म्हणून रोज केस झटकून तेलाचे दोन थेंब सोडावे लागतात. त्यात तेल चोपडून आलेलं गिऱ्हाईक असेल तर केस गुठळीने पात्यात अडकतात, मशीन ओढतं आणि शिव्या मशीनला बसतात. केस धुऊन, कोरडे करून यावं, हा सल्ला कटाच्या आधीचा. वादळात दोन-दोन दिवस वीज जाते तेव्हा ज्याचा हात कातर-कंगव्यावर बसलेला आहे त्याचंच दुकान चालतं.

गर्दीचं वेळापत्रकही पंचांगाने ठरतं. श्रावणात दाढी-केस न काढणारे पुष्कळ. अमावास्येला श्रावण संपतो आणि मधे तीनच दिवस टाकून गणेश चतुर्थी. दोन नंबरची साईड तोवर सहा नंबरवर गेलेली असते, पूर्ण गाव रांगेत, वर चाकरमानी. त्यात सोमवार आला तर सुट्टी कोण पाळणार? या तीन दिवसांत नवीन कट करून बघू नये. कारागिराला प्रश्न ऐकायला वेळ नसतो, “दादानु, केस कसे कापूचे?” हे तो विचारतो तेही हातात मशीन चालू करून.

सल्ला हवा असेल तर पाडव्यानंतरची एखादी रिकामी दुपार बरी. जाणकार कारागीर स्प्रेची बाटली लगेच उचलत नाही. ओला केस ताणून लांब दिसतो, कुरळा तर वाळल्यावर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर चढतो. म्हणून आधी कोरड्या डोक्यावर बघायचं. भोवरा कुठे, एक की दोन, कुठल्या दिशेने फिरतो. भोवऱ्यावरचा केस दोन-अडीच सेंटिमीटरवर कापला की खुंटासारखा उभा राहतो, तो एकतर 4-5 सेंटिमीटर ठेवावा नाहीतर सरळ दोन-तीन नंबरवर आणावा. मग भांग जिथे आपोआप पडतो ती जागा, आणि कपाळाचे दोन कोपरे किती मागे गेलेत ते. गोल चेहऱ्याला साईड 2 ते 3 आणि वर थोडी उंची. लांबट चेहऱ्याला याच्या उलट, साईड 4 च्या खाली नको आणि पुढचे केस थोडे कपाळावर. चष्मा असेल तर कल्ले कानाच्या मध्यापर्यंत ठेवावेत, नाहीतर काडी नुसत्या कातडीवर टेकते आणि कानशील उघडं पडतं. दाढी ठेवणार की नाही हे आधीच विचारून घ्यावं, कारण कल्ल्यांचा नंबर त्यावर ठरतो.

केस विरळ झालेल्याला साईड लांब ठेवून चालत नाही. बाजू दाट दिसली की माथा आणखी विरळ दिसतो. दोन्हींतला फरक कमी ठेवला, साईड 2 आणि वर बोटभर, तर टक्कल डोळ्यांत भरत नाही. गळणं थांबवण्याचं तेल विकणारा कारागीर आणि डॉक्टरकडे जा म्हणणारा कारागीर यांतला दुसरा धरावा. एड्सच्या धास्तीनंतर धारेचा वस्तरा जाऊन अर्धं ब्लेड बदलायचा वस्तरा आला, तोही दरवेळी नवं ब्लेड समोर फोडतो की नाही हे बघावं. 2020 च्या टाळेबंदीनंतर 28 जूनला राज्यात सलून उघडली ती फक्त केस कापायला, दाढीला परवानगी नव्हती. त्या तीन महिन्यांत पुष्कळांनी घरी ट्रिमर घेतले आणि स्वतःचे नंबर पाठ केले. आजचं गिऱ्हाईक ‘जरा बारीक’ म्हणत नाही ते काही अंशी त्यामुळे.

लग्नाचा कट पाच ते सात दिवस आधी घ्यावा. रंग लावायचा असेल तर कानामागे ठिपका लावून 48 तास थांबावं. खाज किंवा लाली आली तर तो रंग नको. आदल्या दिवशी फक्त मान आणि कल्ले साफ करून घ्यायचे, त्याला दहा मिनिटं पुरतात.