वारं गेलं, पण किती वाजता?

आमच्या मराठवाड्यात पक्षाघात झाला असं फारसं कुणी म्हणत नाही. 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. रेणापूर तालुक्यातल्या माझ्या मामाच्या अंगावरून वारं गेलं ते उन्हाळ्यात, गच्चीवर झोपेत. पहाटे पाचला तांब्या घ्यायला गेला तर डावा हात उचलेना. मालिशवाल्याकडं न्यावं असं भावकीतल्या काहींचं म्हणणं होतं. मामीनं कुणाचं ऐकलं नाही, गाडी थेट लातूरला आणली.

डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?" रात्री अकराला. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत देतात. उशीर झाला तर फायदा घटतो आणि मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती असते. म्हणजे घड्याळाप्रमाणं वेळ टळलेली होती.

आधी सीटी स्कॅन झाला. त्यात ताजं रक्त पांढरं दिसतं, म्हणून रक्तस्राव लगेच कळतो. मामाचा सीटी नॉर्मल आला आणि आम्हाला हायसं वाटलं. पण गुठळीनं रक्त अडलं असेल, तर पहिले काही तास सीटीत बऱ्याचदा काहीच दिसत नाही.

मग करदोडा, ताईत उतरवून एमआरआय. १.५ टेस्लाचं ते चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट ताकदीचं असतं. त्यातली 'डिफ्यूजन' तपासणी पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपते. रक्त अडलं की पेशींना ऊर्जा मिळत नाही, त्यांचे पंप बंद पडतात, पाणी आत शिरून त्या फुगतात. आठवडी बाजारात दोन्हीकडची दुकानं पुढं सरकली की गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही, तसं पेशींमधल्या फटींत पाणी अडखळतं. अडखळलेलं पाणी चित्रात चमकतं, तेही काही मिनिटांतच. मामाच्या मेंदूत उजवीकडं चिंचोक्याएवढा पांढरा ठिपका होता.

खरी कमाल पुढं आहे. 'फ्लेअर' नावाच्या दुसऱ्या चित्रात हीच इजा उमटायला बहुधा काही तास लागतात. डिफ्यूजनमध्ये ठिपका आहे आणि फ्लेअर अजून कोरं आहे, तर घटना बहुतेक साडेचार तासांच्या आतली. झोपेत कुणी घड्याळ पाहिलेलं नसतं, ते मेंदूतलं पाणी सांगतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका चाचणीत याच खुणेवरून ५०३ रुग्ण निवडले होते. इंजेक्शन मिळालेल्यांतले अधिक जण तीन महिन्यांनी आपली कामं आपण करत होते.

मामाचं फ्लेअर कोरं होतं. इंजेक्शन सुरू झालं. दुपारी त्यानं डाव्या हाताची बोटं हलवली आणि करदोडा मागितला.