टार्ट आणि कीश: फरक गोड-तिखटाचा नाही

टार्ट आणि कीश म्हणजे मैद्याच्या उघड्या पारीत सारण भरून केलेले फ्रेंच पदार्थ. टार्ट गोड आणि कीश तिखट, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. फ्रान्समध्ये टोमॅटोचं, कांद्याचं टार्टही करतात. कीश हा खरं तर टार्टचाच एक प्रकार, ईशान्य फ्रान्समधल्या लोरेन भागातला. हा भाग जर्मनीला लागून, म्हणून हे नाव जर्मन ‘कूखन’ म्हणजे केक यावरून आलं असं मानतात.

फरक आहे तो सारणाचा. कीशमध्ये अंडी, दूध आणि क्रीमचं पातळ मिश्रण पारीत ओततात आणि ते ओव्हनमध्येच घट्ट होतं. फळांच्या टार्टची पारी मात्र बहुतेक वेळा पूर्ण भाजून, गार करून मग कस्टर्ड आणि फळांनी भरतात. (लिंबाचं टार्ट मात्र कित्येकदा कीशसारखंच सारण ओतून भाजतात.)

यामुळे पारीही वेगळी. कीशची पारी करंजीच्या मोहनाची आठवण करून देते, फक्त मोहन कडकडीत नाही, थंडगार. २०० ग्रॅम मैद्यात फ्रिजमधल्या १०० ग्रॅम लोण्याचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळा. मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे. मग तीन-चार चमचे बर्फाचं पाणी. मळू नका, नुसतं गोळा करा. मळलं की पारी चिवट होते आणि भाजताना कडेने आकसते. घरचं लोणी असेल तर त्यातलं ताक नीट निपटून घ्या. लाटण्याआधी गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

गोड टार्टची पारी नानकटाईची बहीण: लोणी आणि पिठीसाखर फेटायची, त्यात बलक, मग मैदा. साखरेमुळे ती लवकर करपते, तेव्हा ओव्हनजवळून हलू नका.

कीशसाठी पारी आधी रिकामी भाजणं मी कधीच टाळत नाही. साच्यात लावलेल्या पारीवर बटर पेपर घालून त्यावर वजनासाठी कोरडा राजमा पसरून १९० अंशांवर १५ मिनिटं, मग राजमा काढून आणखी ७-८. माझ्या पहिल्या कीशच्या पारीला केसाएवढी भेग होती. सगळं मिश्रण खाली झिरपलं आणि तळ ओल्या पोळीसारखा झाला. तेव्हापासून पारी गरम असतानाच अंड्याचा पांढरा भाग पुसटसा लावते आणि दोन मिनिटं परत भाजते. भेगा बुजतात. पालक पिळून आणि मश्रूम पाणी आटेपर्यंत परतूनच घालते.

तीन अंड्यांना साधारण ३५० मिली दूध-क्रीम, ओव्हन १६० अंशांवर. कडा घट्ट आणि मधला भाग खरवसासारखा थरथरत असतानाच बाहेर काढा. जास्त ठेवलं तर अंडं फाटतं, पाणी सुटतं. अर्धा तास निवू द्या, मगच सुरी लावा.