रडत नाही म्हणजे सावरलं असं नाही

'लहान आहे, विसरेल' या वाक्याइतकं चुकीचं सांत्वन दुसरं नसेल. टाकून दिलेल्या मुलांवरचे उत्तम आशियाई चित्रपट नेमकी हीच समजूत खोडून काढतात. हिरोकाझू कोरे-एदा यांच्या 'नोबडी नोज' (2004) या जपानी चित्रपटात आई चार भावंडांना टोकियोतल्या घरात सोडून जाते. 1988 साली उघडकीस आलेल्या खऱ्या घटनेवर तो बेतलेला आहे. बारा वर्षांचा अकिरा पैशांचा हिशोब ठेवतो, धाकट्यांना जेवू घालतो. आक्रोश जवळजवळ नाहीच. सो यॉन्ग किम यांच्या 'ट्रीलेस माउंटन'मध्ये (2008) दोन कोरियन बहिणींना आईने सांगितलेलं असतं, गल्ला भरला की मी येईन. तो लवकर भरावा म्हणून त्या मोठ्या नाण्यांची चिल्लर करून आणतात.

ही मुलं प्रेक्षकांना समंजस वाटतात. पण आई खोलीबाहेर गेल्यावर न रडता खेळत राहणाऱ्या वर्षभराच्या काही बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते वाढलेले आढळले.

आत काय घडतं? धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीला इशारा देतो, पीयूष ग्रंथी मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीला, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. हेच कॉर्टिसॉल मग हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग), हायपोथॅलॅमस आणि पीयूष ग्रंथीतल्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या रेणूंना, चिकटून मूळ इशारा बंद करवतं. साखळी स्वतःच स्वतःला आवरते! लहानपणी मात्र या कामात बाहेरची मदत लागते. भरवशाचं माणूस जवळ असेल, तर तेवढ्याच भीतीने कॉर्टिसॉल कमी वाढतं. ते माणूस आईच असलं पाहिजे असं नाही; त्या बहिणींना पुढे शेतावर आजी भेटते. कोणीच नसेल, तर साखळी पुन्हा पुन्हा चेतत राहते, आणि पुष्कळदा कालांतराने तिचा प्रतिसादच मंदावतो. रोमानियाची राजधानी बुखारेस्टमधल्या बालगृहांत वाढलेल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासात हेच दिसलं: ताणाच्या प्रसंगीही त्यांचं कॉर्टिसॉल फारसं वाढलं नाही.

याचा अर्थ मेंदू कायमचा निकामी झाला, असा नव्हे. स्कॅनची रंगीत चित्रं दाखवून तसं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, आणि 'कॉर्टिसॉल उतरवणाऱ्या' गोळ्या विकणाऱ्यांवर तर मुळीच नाही. त्याच अभ्यासात जी मुलं दोन वर्षांची होण्याआधी सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत गेली, त्यांचा प्रतिसाद घरी वाढलेल्या मुलांच्या बराच जवळ आला. उशिरा गेलेल्यांच्या बाबतीत तसं झालं नाही.